तेच तेच परत का?

प्रश्न : नमस्कार. मी यंदा बायबल पहिल्यापासून वाचायला घेतलंय. स्तोत्र १३६ ला आले तर प्रत्येक ओळीमागे तेच वाक्य. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं पण चार, त्यात कितीतरी गोष्टी त्याच. इकडे मुलाला मी रोज ओरडते की घोकंपट्टी करू नको, समजून घे. मग इथे एवढी पुनरावृत्ती का? येशूनेच तर प्रार्थनेत व्यर्थ बडबड नको म्हटलंय ना?

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेते. बडबडीचं ते वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, ६:७. आणि त्याच मत्तयात २६ व्या अध्यायात, अटक व्हायच्या थोडं आधी गेथशेमाने नावाच्या जागी, येशू तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो. म्हणजे तेच शब्द परत म्हणायला त्याची ना नाहीये, आपण जास्त बोललो की देव ऐकेल या समजुतीला आहे. जीव कासावीस झालेला माणूस नवे शब्द शोधत बसत नाही हो.

आता स्तोत्र १३६. २६ वचनं आणि २६ वेळा 'त्याची दया सनातन आहे'. आपण ते डोळ्यांनी वाचतो म्हणून कंटाळा येतो, पण हे गायचं स्तोत्र आहे, एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी पालुपद धरायचं अशी त्याची घडणच आहे. त्या काळी बहुतेकांना शास्त्र कानानेच मिळायचं, ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही, मग जे मनात राहायला हवं ते परत परत येणारच.

आणि परत येतं ते दरवेळी जसंच्या तसं नसतं, मला तर हे फार आवडतं. पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, मग येशूचा अनुयायी झाला, त्या पालटाची गोष्ट प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तीनदा आहे, अध्याय ९, २२ आणि २६. २६ व्यात राजा अग्रिप्पासमोर सांगताना पौलाला दृष्टी परत मिळवून देणाऱ्या हनन्याचं नावही येत नाही, पण येशूचा आवाज इब्री भाषेत आला हे तिथेच कळतं. तिन्ही शेजारी ठेवून वाचा, मजा येते.

मुलाचं म्हणाल तर घोकणं आणि उजळणी वेगळी. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून किती विसरतो ते मोजलं. सुरवातीला भराभर विसरतं, मग वेग कमी होतो, आणि एकाच बैठकीत रेटण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते. नुसतं परत परत वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला वाटतं येतंय, पुस्तक मिटल्यावर खरं काय ते कळतं.

तुम्ही दोघं मिळून १३६ वरच करून बघा. पालुपद तर येईलच, त्याच्या आधीचे अर्धे भाग पुस्तक मिटून क्रमाने आठवा, आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मग मिसर, तांबडा समुद्र, रान, सीहोन आणि ओग राजे. अडलं की बघा, आणि दोन दिवसांनी परत.