स्टिरिओ घ्या, पण आधी टर्म प्लॅन पुन्हा चालू करा

नाशिकच्या एका वाचकांनी गाडीत स्टिरिओ बसवण्याबद्दल विचारलंय. पत्र लांबलचक आहे, त्याचा सारांश असा.

वय 33, अंबडच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार 64,000. घरी पत्नी, तीन वर्षांची मुलगी आणि आई-वडील. कमावणारे हे एकटेच. चार वर्षांपूर्वी हॅचबॅकचं बेस मॉडेल घेतलं, त्यात म्युझिक सिस्टिम नव्हती. आता एका दुकानानं 78,000 चं कोटेशन दिलंय: नऊ इंची टचस्क्रीन 16,000, पुढचे कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाचे वेगवेगळे) 12,000, मागचे कोअॅक्सियल (दोन्ही आवाज एकातच) 5,000, चार चॅनलचा अँप्लिफायर 14,000, सीटखालचा सबवूफर 15,000, चारही दारांचं डँपिंग (पत्रा खडखडू नये म्हणून आतून लावायचा थर) 9,000, वायरिंग आणि मजुरी 7,000. रोख नसतील तर क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट ईएमआय', 7,000 चे 12 हप्ते. प्रश्न दोन: ईएमआय घेऊ, की तीन महिन्यांनी मुदत संपणारी 51,000 ची आरडी आताच मोडू? आणि स्टिरिओचा विमा निघतो का?

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात जाता जाता आणखी माहिती येते. घरकर्ज 27 लाख बाकी आहे. 75 लाखांचा टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा) होता, वर्षाला प्रीमियम 9,800. मामेसासरे विमा एजंट आहेत. 'टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत' असं ते म्हणाले, म्हणून दीड वर्षापूर्वी तो सोडून दिला. त्याआधी काही महिने त्यांच्याकडूनच वर्षाला एक लाखाची पॉलिसी घेतली होती. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 23 लाख. दुसऱ्या प्रीमियमपैकी 50,000 कार्डावरून भरले, त्यातले 46,000 अजून बाकी आहेत, 'पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो'. तिसरा प्रीमियम दोन महिन्यांवर आलाय, त्यासाठी बचत खात्यात 80,000 बाजूला ठेवलेत.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. ईएमआय घेऊ नका. स्टिरिओचा विमा निघतो. आता जे विचारलं नाहीत त्याकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे.

गाडीचा झीरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा) विमा तुम्ही दरवर्षी न चुकता भरता. अजून बसवलेलाही नाही त्या स्टिरिओच्या विम्याची चौकशी करता. आणि ज्याच्या पगारावर पाच माणसांचं घर आणि 27 लाखांचं कर्ज चालतं, त्याच्या विम्यातले 75 लाख काढून टाकले. नव्या पॉलिसीचं कव्हर प्रीमियमच्या दहापट, म्हणजे 10 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर सगळे 10 लाख बँकेला देऊनही 17 लाखांचं कर्ज उरतं. मुलीच्या शाळेसाठी, आई-वडिलांच्या औषधांसाठी एक रुपया नाही. हे लिहिताना मला राग येतोय, आणि तो तुमच्यावर नाही. घरातल्याच माणसाच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवतो. पण जावयाचं टर्म कव्हर बंद करायला लावून त्याला एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) विकणं हे कुठल्याही नात्यात बसत नाही.

सुदैवानं यावर उपाय आहे. अशी बंद पडलेली पॉलिसी पहिला प्रीमियम चुकल्यापासून साधारण पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते. तुमचे दोन प्रीमियम चुकलेत. व्याजासह 22,000 च्या आसपास भरावे लागतील आणि तब्येतीचं घोषणापत्र द्यावं लागेल, कदाचित वैद्यकीय तपासणीही. फायदा असा की प्रीमियम जुन्याच वयाचा राहतो. घोषणापत्रात काही लपवू नका: बीपीची गोळी सुरू झाली असेल तर ती लिहा, तंबाखू असेल तर तीही लिहा. पॉलिसी पुन्हा चालू झाल्यावर पुढची तीन वर्षं कंपनी त्या कागदावर बोट ठेवू शकते. याच आठवड्यात शाखेत जा. कंपनीनं नकार दिला तर नवा टर्म प्लॅन घ्या. तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, एक कोटीसाठी वर्षाला बारा ते पंधरा हजार धरा.

आता पॉलिसी. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार आवडली. दुकानदार स्टिरिओ '55 वॅट, 55 वॅट' म्हणत होता, तेव्हा तुम्ही आरएमएस किती ते विचारलंत आणि माहितीपत्रक उघडून 18 वॅट शोधून काढलेत. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो, कानाला सतत मिळते ती आरएमएस. पॉलिसीच्या बाबतीत तुम्ही खोक्यावरचाच आकडा घेऊन घरी आलात. मामा म्हणाले, 'दहा लाखांवर तेरा लाख फायदा, दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला तेरा टक्के.' पण पैसे अडकतात वीस वर्षं. पहिला लाख वीस वर्षं, दहावा लाख अकरा वर्षं. तसा हिशोब मांडला की चक्रवाढीनं साडेपाच टक्के निघतात. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे. तो टिकला असं धरलं, तर तिथे हेच दहा लाख विसाव्या वर्षी साधारण साडेएकोणतीस लाख होतात. साडेसहा लाखांचा फरक.

आणि 'टॅक्स वाचतो' हे तर साफ चूक. तुम्ही लिहिलंय की कंपनीत काही निवडलं नाही, म्हणजे तुम्ही आपोआप नव्या करप्रणालीत आहात. तिथे 80सी ची, म्हणजे विम्याच्या प्रीमियमवरची, वजावट नाही. शिवाय 2025-26 पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. तुमचा वाचलेला कर शून्य रुपये आहे.

'दोन लाख भरलेत, आता सोडलं तर नुकसान' हा विचार तुमच्या मनात येणार, तोही तपासू. पॉलिसी आता मोडली (सरेंडर केली) तर 80,000 मिळतील असं धरा. ते आणि पुढचे आठ प्रीमियम घालून 23 लाख मिळवायचे, तर या पुढच्या पैशांवर साधारण साडेसहा टक्के पडतात. साडेपाचापेक्षा बरे, पण तुमचं घरकर्ज साडेआठ टक्क्यांनी आहे. तोच लाख दरवर्षी कर्जात भरलात तर साडेआठ टक्के व्याज वाचतं, तेही कुणाच्या आश्वासनाशिवाय. म्हणून तिसरा प्रीमियम भरू नका. मात्र टर्म कव्हर लागू झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय या पॉलिसीला हातही लावू नका.

मग कार्ड. 46,000 वर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 1,610 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,900. तुम्ही मिनिमम भरता 2,300. मुद्दलात जातात 400. दहा महिन्यांत तुम्ही सुमारे 24,000 भरलेत आणि कर्ज 4,000 नं कमी झालंय. साडेपाच टक्के देणाऱ्या पॉलिसीत घालायला तुम्ही वर्षाला 42 टक्क्यांनी पैसे उचललेत. आणि हे चालू असताना त्याच्या जवळपास पावणेदोन पट रक्कम, 80,000, बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहे! बाकी ठेवलेल्या कार्डावर नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे त्याच कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. 'मिनिमम ड्यू वेळेवर भरतो' याचा अर्थ फक्त एवढाच की बँक तुमच्यावर खूश आहे.

'नो कॉस्ट ईएमआय'चंही एकदा पाहू. रोख 78,000, हप्त्यांनी 84,000. ते 6,000 व्याजच आहे, साधारण 14 टक्क्यांचं. वर व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना 2013 मध्येच बजावलंय. शिवाय 7,000 चा पूर्ण हप्ता दर महिन्याच्या मिनिमममध्ये येऊन बसेल. तुमच्या 64,000 मधून घरकर्ज 24,500 आणि घरखर्च 27,000 गेले की उरतात 12,500. त्यातून पॉलिसीसाठी 8,300, कार्डाला 2,300, आरडीला 2,000. हातात काहीच उरत नाही. 7,000 कुठून आणणार?

म्हणून बचत खात्यातल्या 80,000 चं असं करा: 46,000 आजच कार्डात भरून ते शून्यावर आणा, 22,000 टर्म प्लॅनला, उरलेले 12,000 तसेच राहू द्या. सरेंडरचे पैसे आले की ते त्यांच्याबरोबर अडीअडचणीसाठी ठेवा, स्टिरिओसाठी नाही. प्रीमियम आणि कार्डाचा भार गेल्यावर महिन्याला दहा हजार मोकळे होतात. त्यातले पहिले सहा महिने अडीअडचणीच्या पैशात, पुढे घरकर्जात. आरडी मोडू नका. तीन महिन्यांनी मुदत संपली की तीच तुमच्या स्टिरिओचा पैसा.

आता स्टिरिओ, कारण तो तुम्ही घ्यावा असं मला मनापासून वाटतं. रोज दीड तास गाडीत काढणाऱ्या माणसाला चांगलं गाणं ऐकावंसं वाटलं तर त्यात उधळपट्टी नाही. फक्त 78,000 एकदम नकोत. स्क्रीन, पुढचे कंपोनंट, पुढच्या दोन दारांचं डँपिंग आणि कपलरसह (मूळ वायर न कापता जोडायचा प्लग) मजुरी, एवढं 36,000 मध्ये बसतं आणि आवाजातला बहुतांश फरक तिथेच पडतो. तुम्ही पुढे बसता. मागचे स्पीकर मुलीच्या बालगीतांना कंपनीचे, दीड-दोन हजारांचेही चालतील. डँपिंगला फाटा देऊ नका. पातळ पत्र्याच्या दारात 12,000 चा स्पीकरही खडखडतो. अँप्लिफायर नसताना कंपोनंट निवडायचा तर वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर किती मोठा आवाज निघतो ते) बघा: 90 डेसिबल किंवा वर असेल तर स्टिरिओच्या 18 वॅटवर तो छान वाजतो. अँप्लिफायर आणि सबवूफर वर्षभरानं, तेव्हाही हवेसे वाटले तर.

स्क्रीन घेताना रॅम आणि मेमरीच्या मोठाल्या आकड्यांना भुलू नका, स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनवर ते खोटेही निघतात. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले नीट चालणारी, नाशिकमध्ये सर्व्हिस सेंटर असलेली कंपनी घ्या. दुकानात डेमो बघताना गाडी बंद करून, थोडं थांबून, पुन्हा चालू करायला लावा आणि लगेच रिव्हर्स टाका. कॅमेऱ्याचं चित्र यायला वेळ लागत असेल तर ती स्क्रीन रोज पार्किंगमध्ये त्रास देईल. काही स्क्रीन गाडी बंद असतानाही करंट खात राहतात. आठवडाभर गावाला जाऊन आलात की बॅटरी उतरलेली. बसवल्यावर गाडी बंद करून किती करंट जातोय ते मीटर लावून दाखवायला सांगा.

आणि गाडीची मूळ वायर एकही कापू द्यायची नाही. तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, पाचशे-हजाराचा. तुमची एक्स्टेंडेड वॉरंटी अजून वर्षभर आहे. कापलेली वायर आणि वर गुंडाळलेली काळी टेप दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला सर्व्हिस सेंटरला दुसरं कारण लागत नाही. पुढे अँप्लिफायर घेतलात तर त्याची वायर थेट बॅटरीवरून येईल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, अँप्लिफायरपाशी नाही. मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग तिथेच लागते.

विम्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल घ्या. गाडीबरोबर न आलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम लागतो, 36,000 वर साधारण 1,440. विमा कंपनीला न कळवता बसवलेल्या स्टिरिओची चोरी झाली तर काही मिळत नाही. गाडी विकताना मात्र या स्टिरिओचे पैसे वसूल होतील अशी आशा धरू नका.

विमा कंपनीला आजच लेखी विचारा: आज सरेंडर केली तर किती, आणि प्रीमियम थांबवून पेड-अप ठेवली तर विसाव्या वर्षी किती. मामांच्या तोंडून नको, कंपनीच्या ईमेलवर हवं. दोन्ही आकडे आले की मला पाठवा. मी धरलेल्या 80,000 पेक्षा सरेंडरची रक्कम फारच कमी निघाली, तर पेड-अप ठेवायची की काढून घ्यायची हे ते आकडे समोर ठेवूनच ठरवू.