हात उगारणे आणि हात टाकणे

एका वाचकाने विचारले आहे : कायद्यात ‘असॉल्ट’ आणि ‘बॅटरी’ ही दोन वेगळी अपकृत्ये (म्हणजे ज्यांबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते अशी गैरकृत्ये), मराठीत दोन्हींना ‘हल्ला’ म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. ‘हल्ला’ म्हटले की मार बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. असॉल्टमध्ये मात्र कुणाला बोटही लागलेले नसते. आता आपल्याला मार बसणार, असे समोरच्याला सकारण वाटायला लावले की झाला असॉल्ट. संमतीविना मुद्दाम अंगाला हात लावला, की बॅटरी. इजा व्हायलाच हवी असे नाही. हा भेद मराठी माणूस रोज पाळतो. ‘त्याने माझ्यावर हात उगारला’ आणि ‘त्याने माझ्या अंगावर हात टाकला’ या वाक्यांची आपण कधी अदलाबदल करत नाही. झोपलेल्याला मारले तर नुसती बॅटरी, कारण उगारलेला हात त्याला दिसलाच नाही. उलट, पैलवान घाबरला नाही म्हणून असॉल्ट टळत नाही. मार येतोय हे त्याला कळले, एवढे पुरे.

फौजदारी कायद्याच्या मराठी अनुवादात असॉल्टला ‘हमला’ आहे. बॅटरी मात्र १८६० च्या दंड संहितेत नव्हती. तिच्या जवळचा शब्द ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’. आताच्या भारतीय न्याय संहितेत (कलमे १२९, १३०) तीच मांडणी आहे, आणि या बलप्रयोगाच्या व्याख्येतच ‘संमतीशिवाय’ ही अट बसवलेली आहे.

म्हणूनच ‘संमती’ आणि ‘परवानगी’ एकमेकींच्या जागी वापरू नयेत, असे मला कळकळीने वाटते. परवानगी घरचेही देतात. संमती, शहाण्यासुरत्या प्रौढ माणसाच्या बाबतीत, ज्याचे शरीर त्याचीच. दिल्लीतल्या एका महिलेने निदानासाठी दुर्बिणीच्या तपासणीला होकार दिला होता. ती भुलेखाली असताना तिच्या आईला विचारून डॉक्टरांनी गर्भपिशवी आणि बीजकोश काढले. प्रसंग जिवावरचा नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने आईचा होकार ग्राह्य धरला नाही. ही शस्त्रक्रिया ‘असॉल्ट आणि बॅटरी’ अशा जोडशब्दांनीच अपकृत्य ठरवली; वरच्या भेदाप्रमाणे पाहिले तर भुलेखालच्या बाईच्या बाबतीत ती बॅटरी. हेतू बरा होता, तरीही.

संमतीला हद्दही असते. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू पकडीला राजी असतो, ठोशाला नाही.

तेव्हा लिहिताना असॉल्टला ‘हमला’ म्हणावे. बॅटरी तशीच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘संमतीविना केलेला अंगस्पर्श’ असा खुलासा जोडावा.