१९९२ मध्ये फ्लोरिडाला धडकलेलं हरिकेन अँड्र्यू खरंच पाचव्या श्रेणीचं होतं का? जमिनीवरच्या एकाही यंत्रात तेवढा वेग नोंदलेला नसताना?

हो, होतं. आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागातला युक्तिवाद मला मुळातच मान्य नाही. दर मोठ्या हरिकेननंतर तो नव्याने निघतो, २०१८ च्या मायकेलनंतरही निघाला होता. त्यातली चूकही दर वेळी तीच असते. यंत्राला जे सापडलं तेवढंच वादळात होतं, असं धरून चालतात.

आधी आकड्यांमधला एक घोळ. अँड्र्यूचा जुना आकडा ताशी १४५ मैल होता. २००२ च्या फेरविश्लेषणातला नवा आकडा १४५ नॉट आहे, म्हणजे ताशी १६५ मैल, साधारण २७० किलोमीटर. दोन्हीकडे '१४५' असल्यामुळे अर्धे वाद एकक न बघताच चालतात. हरिकेनची श्रेणी वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाचवी सर्वांत वरची आणि ती १३७ नॉटपासून सुरू होते. जुना आकडा नॉटमध्ये १२५, म्हणून तेव्हा चौथी.

आता जमिनीवरच्या नोंदी. २४ ऑगस्ट १९९२ ची पहाट, वादळ मायामीच्या दक्षिणेला धडकत होतं. फोवी रॉक्स दीपगृहावरचं स्वयंचलित केंद्र किनाऱ्याबाहेर समुद्रात. त्याने १४७ नॉटचा झोत, म्हणजे काही सेकंदांचा जोराचा सपाटा, नोंदवला. पण तिथला वेगमापक सुमारे १३० फुटांवर होता. ती नोंद १० मीटर उंचीवर उतरवली की दोन मिनिटांची सरासरी १०८ नॉटच्या आसपास येते. एवढंच वाचून लोक म्हणतात, बघा, १०८! पण ही नोंद झाली तेव्हा डोळा, म्हणजे वादळाचा शांत मध्यभाग, अजून पूर्वेला होता, आणि त्यानंतर केंद्र गप्प झालं. नंतर पाहणी केली तेव्हा वेगमापकाचा खांब काटकोनात वाकलेला सापडला. खांब वाकण्याआधीचा सर्वांत मोठा आकडा वादळाचा कमाल वेग म्हणून कसा धरता येईल? मायामीजवळच्या कोरल गेबल्समध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्याच इमारतीच्या छतावरचं रडार उडून गेलं.

मायामीच्या दक्षिणेच्या पेरीनमध्ये एका रहिवाशाच्या घरगुती वेगमापकाने ताशी २१२ मैलांचा झोत दाखवला होता. हा आकडा अजूनही फिरतो आणि तो चूकच आहे. त्याच जातीचे वेगमापक वाताच्या बोगद्यात तपासले तेव्हा ते जास्त दाखवतात असं निघालं, आणि झोत १७७ मैलांवर, म्हणजे १५४ नॉटवर आला. झोत एक मिनिटाच्या सरासरीच्या साधारण सव्वापट असतो. भागून बघा, १२३ नॉटच्या आसपास. तोही घरांच्या वस्तीत, जिथे भिंती आणि झाडं सरासरी वेग खाऊन टाकतात.

इथेच व्याख्या नीट वाचावी लागते. जाहीर होतो तो वेग संपूर्ण वादळात कुठेही, १० मीटर उंचीवर, अडथळा नसलेल्या जागी, एक मिनिटाच्या सरासरीने सापडू शकणारा सर्वांत मोठा वेग असतो. 'कुठेही' हा शब्द विसरला की सगळा वाद भरकटतो. उत्तर गोलार्धात तो पट्टा बहुधा पुढे सरकणाऱ्या डोळ्याच्या उजव्या बाजूला, डोळ्याच्या भिंतीत, म्हणजे डोळ्याभोवतीच्या उंच ढगांच्या कड्यात, असतो आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. त्यात नेमका वेगमापक असावा, तो मोकळ्या जागी असावा, वीज जाऊनही चालू राहावा आणि उडत्या पत्र्याने तुटू नये, एवढं सगळं एकदम जुळणं फार दुर्मीळ. मायकेलच्या वेळी टिंडल हवाई तळावरचं यंत्र १२१ नॉटच्या झोतानंतर बंद पडलं. अंतिम विश्लेषणात धडकतानाचा वेग १४० नॉट ठरला, आधीच्या १३५ च्या जागी. श्रेणी चारची पाच झाली.

मग आकडा येतो कुठून? विमानातून. अँड्र्यूच्या वेळी ७०० हेक्टोपास्कलच्या पातळीवर, म्हणजे साधारण ३ किलोमीटर उंचीवर, विमानाने डोळ्याच्या उत्तरेला १६२ नॉट मोजले. हा आकडा कुणी नाकारत नाही. सगळं भांडण, तीन किलोमीटरवर १६२ तर समुद्रालगत किती, एवढ्यावर आहे. १९९२ मध्ये ७५ ते ८० टक्के धरत. १६२ चे ७५ टक्के १२१, ८० टक्के १३०, म्हणून मधला १२५. १९९७ पासून जीपीएसवाल्या सोंड्या डोळ्याच्या भिंतीत टाकायला सुरुवात झाली. पॅराशूटवर उतरणारी ही नळी खाली जाताना सेकंदाला दोनदा वारा मोजते. शेकडो सोंड्यांचे उभे छेद एकत्र केल्यावर दिसलं की भिंतीत ७०० च्या पातळीवरून पृष्ठभागाचं गुणोत्तर ९० टक्क्यांच्या आसपास आहे. १६२ चे ९० टक्के १४६. पाच-पाच नॉटच्या पायरीने लिहायची पद्धत, म्हणून १४५. २००२ मध्ये, दहा वर्षांनी, नोंद बदलली ती या हिशेबावर. 'राजकारणासाठी वाढवला' म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करावा.

हेच ९० टक्के सगळीकडे लावू नका, ही चूक मी फार बघतो. हरिकेनमध्ये वारा सर्वांत जोरदार असतो तो साधारण अर्ध्या किलोमीटरवर. त्याच्या वर तो कमी होत जातो, कारण आतला गाभा गरम असतो आणि उंचीबरोबर दाबाचा उतार सौम्य होतो. खाली समुद्राचं घर्षण त्याला धरतं. म्हणून विमान जितकं खाली, तितकं गुणोत्तर कमी: ८५० च्या पातळीवरून ८० टक्के, ९२५ वरून ७५. ७०० वरूनही भिंतीच्या बाहेर ८५ च धरतात. विमानाची पातळी न विचारता गुणाकार करणाऱ्याशी वाद घालू नये.

सोंडीचा शेवटचा आकडा उचलून 'पृष्ठभागावर इतका वारा' म्हणणंही तितकंच चूक. सोंडी त्या क्षणी एखाद्या झोतात असते किंवा दोन झोतांच्या मध्ये. म्हणून खालच्या ५०० मीटरची सरासरी काढून तिचे ८० टक्के घेतात. विमानातून समुद्राचा फेस बघून वेग काढणारा सूक्ष्मतरंग रेडिओमापक आता आहे, पण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटा वेगळ्या फुटतात, तिथे तो फसतो. जमिनीवर चालतच नाही. धडकतानाच्या वादात म्हणूनच त्याची नोंद सर्वांत आधी तपासावी लागते.

दाबावरून वेग काढणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. धडकताना अँड्र्यूचा मध्यवर्ती दाब ९२२ मिलिबार होता, २००५ च्या कॅट्रिनाचा ९२०. तरी कॅट्रिनाचा वेग अंतिम विश्लेषणात ११० नॉट, तिसरी श्रेणी, तोही धडकतानाच्या तातडीच्या आकड्यावरून खाली आणलेला. फेरविश्लेषणात आकडे नेहमी वाढतातच असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅट्रिना अवाढव्य पसरलेलं होतं. तेवढाच दाबाचा फरक लांब अंतरावर वाटला गेला, उतार सौम्य झाला. अँड्र्यू लहान आणि घट्ट होतं, शिवाय धडकेपर्यंत दाब उतरतच होता.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. घरांचं नुकसान बघून वारा ठरवणारे आणि वारा बघून बिल्डरला सोडून देणारे, दोघंही एकाच आकड्याशी खेळतात. दक्षिण फ्लोरिडाच्या तेव्हाच्या बांधकाम नियमात ताशी १२० मैलांचा वारा धरलेला होता. २००२ नंतर काहींनी सोयीने म्हटलं, पाचव्या श्रेणीपुढे कोणतं घर टिकणार? पण १४५ नॉट लागू होतात ते किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्याला. आत वस्तीत गेल्यावर खडबडीत जमिनीने सरासरी वेग झपाट्याने उतरतो, झोत त्यामानाने कमी उतरतात. तिथे छतं गेली ती जोडणीमुळे. छताचं प्लायवूड ठोकणाऱ्या स्टेपल खालच्या कैचीत, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यात, बसल्याच नव्हत्या, नुसत्या प्लायवूडमधून आरपार गेल्या होत्या. प्लायवूड उडालं की कैच्यांना आडवा आधार राहत नाही, त्या पत्त्यांसारख्या एकमेकींवर कलंडतात आणि टोकाची त्रिकोणी भिंत बाहेर पडते. दर घराला जास्त खिळे आणि लोखंडी पट्ट्या, एवढाच प्रश्न होता. श्रेणी चार की पाच याने त्यात काही फरक पडत नाही. नुकसान पाहून वेग काढायचाच असेल तर आधी जोडणी किती भार घेत होती ते काढा. ते न करता 'घरं उभी राहिली म्हणजे वारा कमी' आणि 'घरं पडली म्हणजे वारा प्रचंड' ही दोन्ही वाक्यं निरर्थक आहेत.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. या सगळ्या हिशेबात दहा टक्क्यांच्या आसपास चूक राहतेच, आणि १४५ वजा दहा टक्के म्हणजे १३०, चौथी श्रेणी. अँड्र्यू चौथ्यात ठेवावं म्हणणारे संशोधकही होते आणि त्यांचं म्हणणं बाष्कळ नव्हतं. ९० टक्के हे अनेक वादळांचं सरासरी गुणोत्तर आहे, एका वादळाचं त्या तासाचं नव्हे. तरीही, उत्तरेच्या भिंतीत त्या वेळी ढग जोमाने वाढत होते, आणि अशा वेळी वरचा वारा खाली जास्त पोचतो. मी १४५ च्याच बाजूने.

दुसरी गोष्ट, हे गणित जसंच्या तसं आपल्याकडे आणू नका. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकी नौदलाचं केंद्र एक मिनिटाची. म्हणून २०२० च्या निसर्गसारख्या वादळात दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून 'कोण खोटं बोलतंय' विचारण्यात अर्थ नाही, आधी सरासरी सारखी करा. जागतिक हवामान संघटनेच्या शिफारशीनुसार समुद्रावर एक मिनिटाचा वेग ०.९३ ने गुणला की दहा मिनिटांचा मिळतो, तीन मिनिटांचा या दोहोंच्या मधे. अरबी समुद्रात डोळ्याच्या भिंतीतून नियमित जाणारी विमानं नाहीत. तिथे मुख्य भिस्त उपग्रह चित्रातल्या ढगांच्या आकृतिबंधावर, आणि कोकण किनाऱ्यावरचा वेगमापक बंद पडला तर १६२ नॉटसारखा हाती धरायला आकडाच नसतो.