जुने गोल्ड रेकॉर्ड पुरस्कार (भरघोस विक्रीबद्दल दिल्या जाणाऱ्या, फ्रेममधल्या सोनेरी तबकड्या) जमवायचे आहेत. अस्सल-नकली कसं ओळखायचं? आतली तबकडी खरंच त्याच अल्बमची असते का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यावरून नवे लोक उगाच घाबरतात. पुष्कळदा ती तबकडी त्या अल्बमची नसते. कारखान्यात हाताशी असेल ती तबकडी किंवा धातूचा साचा घ्यायचा, त्यावर सोनेरी मुलामा द्यायचा आणि मधोमध हवं ते लेबल चिकटवायचं, अशी रीतच होती. भिंगातून गाण्यांमधल्या कोऱ्या जागा मोजून पाहा. लेबलवर सहा गाणी आणि तबकडीवर पाचच, असं अस्सल पुरस्कारातही सर्रास आढळतं. तेवढ्यावरून फ्रेम नकली ठरवू नका.

खरा निकाल लागतो तो फ्रेममधल्या नामपट्टीवर. तुम्ही बहुधा अमेरिकी पुरस्कारांबद्दल विचारताय, म्हणून तिथलंच सांगतो. १९४२ मध्ये आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने बँडप्रमुख ग्लेन मिलरला सोनेरी तबकडी दिली, पण तो कंपनीचा घरचा मामला होता. आरआयएए या उद्योगसंस्थेचे अधिकृत पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाले आणि पहिलं गोल्ड सिंगल (एकदोन गाण्यांची छोटी तबकडी) गायक पेरी कोमोचं ठरलं. तेव्हा सिंगलला दहा लाख प्रती लागत. अल्बमचा हिशोब मात्र प्रतींवर नव्हता, दहा लाख डॉलरच्या घाऊक विक्रीवर होता. अल्बमसाठी पाच लाख प्रतींची अट १९७५ मध्ये आली, गोल्डच्या वरचा प्लॅटिनम पुरस्कार १९७६ मध्ये, आणि सिंगलचं गोल्ड पाच लाखांवर उतरलं १९८९ मध्ये.

आता हे पट्टीशी ताडून पाहा. १९६८ च्या अल्बमचा त्याच काळातला म्हणून विकला जाणारा पुरस्कार असेल आणि पट्टीवर ‘पाच लाख प्रती’ लिहिलं असेल, तर काहीतरी गडबड आहे. तिथे दहा लाख डॉलरचा उल्लेख हवा. पट्टीवर सीडीचं नाव असेल, तर ती १९८० च्या दशकाआधीची असूच शकत नाही.

फ्रेमची घडणही बोलते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पांढऱ्या मॅटवर (तबकडीमागच्या पाठपट्टावर) बसवलेली तबकडी असे. मग ‘फ्लोटर’ आले, त्यात तबकडी अधांतरी असल्यासारखी दिसते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून होलोग्रामची खूण दिसू लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पुरस्काराचा हक्क असलेली माणसं नंतरही प्रत बनवून घेत, त्यामुळे जुन्या अल्बमचा पुरस्कार नव्या घडणीत असेल तर तो नकलीच असं नाही, फक्त त्याची किंमत कमी धरा. उलट प्रकार, म्हणजे १९८५ चा अल्बम पांढऱ्या मॅटमध्ये, दिसला तर सरळ पुढे जा.

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या बाबतीत जास्त सावध राहा. त्या कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आरआयएएला हिशोबाच्या वह्या दाखवल्याच नाहीत. त्यामुळे तिच्या १९६० च्या दशकातल्या हिट गाण्यांचा आरआयएएच्या शिक्क्याचा त्याच काळातला पुरस्कार समोर आला, तर विश्वास ठेवू नका. कंपनीने स्वतः दिलेले घरचे पुरस्कार वेगळे. ते अस्सल असतात आणि मला तर ते जास्त आवडतात.

प्रमाणपत्राची तारीख आरआयएएच्या संकेतस्थळावर शोधता येते, ती आधी बघाच.

‘कोणाला प्रदान’ या ओळीवर किंमत बरीच ठरते. कलाकाराच्या नावाचा पुरस्कार सर्वांत महाग, आणि म्हणूनच पट्ट्या बदलण्याचे उद्योगही तिथेच जास्त. सुरुवात रेडिओ स्टेशन, विक्री प्रतिनिधी किंवा रेकॉर्डच्या दुकानाच्या नावाच्या पुरस्कारापासून करा. गाणं लोकांपर्यंत पोहोचवलं ते याच माणसांनी, आणि त्यांच्या नावाची फ्रेम भिंतीवर असणं मला मनापासून मोलाचं वाटतं.

विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. पाठीचा कागद, खिळे, फ्रेम बनवणाऱ्याचा स्टिकर, सगळं एकाच वयाचं दिसायला हवं. पाठ ताजी आणि पट्टीभोवती गोंदाचे नवे डाग असतील, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.