बी.कॉम. असताना अमेरिकेत अकाउंटिंगची असोसिएट डिग्री करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की भारतात बी.कॉम. झालंय, लग्नानंतर अमेरिकेत आलात, घराजवळच्या छोट्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री आहे, ती करावी की सरळ मास्टर्स. आणि शेवटी लिहिलंय, ‘घरचे म्हणतात, पदवी झाल्यावर परत डिप्लोमा कशाला?’

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. करा. खुशाल करा.

मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., सांगलीची. ओहायोत आमच्या काउंटीच्या कॉलेजात हीच डिग्री केली. प्रवेश घेतल्याचं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा माझे दीर, जे पुण्यात सीए आहेत, म्हणाले, “वहिनी, टॅली येतं ना तुम्हाला? मग बारावीच्या पोरांबरोबर कशाला बसताय?” सासूबाई शेजारीच होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

बारावीची पोरं होतीच वर्गात. पण संध्याकाळच्या बॅचला दिवसभर गोदामात काम करून येणारा एक जण होता, दोन मुलांना आईकडे ठेवून येणारी बाई होती, आणि स्वतःचं गॅरेज असलेले साठीतले गृहस्थ होते, ज्यांना आपला हिशोब आपणच लिहायचा होता. आमच्या मॅडम दिवसा लहान धंद्यांची पुस्तकं लिहायच्या आणि संध्याकाळी शिकवायच्या. उत्तर कधी सांगायच्या नाहीत. “कागद काय म्हणतो?” एवढंच विचारायच्या.

बी.कॉम.ला आपण फायनल अकाउंट्स सोडवतो, पण ते गणित म्हणून. ट्रायल बॅलन्स तयार मिळतो, खाली अ‍ॅडजस्टमेंट्स दिलेल्या असतात. इथे मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एक जाड पाकीट ठेवलं. एका काल्पनिक दुकानाचा अख्खा महिना त्यात होता: बिलं, चेकची अर्धुकं, कामगारांची टाइम कार्डं, बँकेचं स्टेटमेंट. एक बिल मुद्दाम दोनदा घातलेलं. एका टाइम कार्डावर आठवड्याचे 46 तास, म्हणजे 40 च्या वरच्या 6 तासांना दीडपट दर. पगारातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) 6.2 टक्के, मेडिकेअरचे (म्हातारपणाचा सरकारी आरोग्यविमा) 1.45 टक्के कापायचे, तेवढेच मालकाच्या खिशातून घालायचे, मग फेडरल, राज्याचा आणि गावाचा कर वेगळा. ते पाकीट पुरं केलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हिशोब येतो.

याचा उपयोग मुलाखतीत झाला. एक लहान सीपीएचं (म्हणजे इथल्या सीएचं) ऑफिस, मोजकी माणसं. मालकांनी गप्पा मारल्याच नाहीत. एका दुकानाचं लेजर आणि बँक स्टेटमेंट समोर ठेवलं आणि म्हणाले, जुळव. जमा व्हायचे पैसे आणि न वटलेले चेक बाजूला काढले, तरी 360 डॉलरचा फरक राहिला. 360 ला 9 नं भाग जातो, म्हणजे बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत. पेन्सिल घेऊन वरून खाली आले, तर बँकेत 7,840 आणि लेजरमध्ये 7,480. त्यांनी मान हलवली आणि पगारातून कापलेल्या करांच्या फॉर्मबद्दल एकच विचारलं, “941 कधी भरतात?” म्हटलं, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. नोकरी मिळाली.

हा नऊचा नियम मला सांगलीतल्या सरांनी शिकवला होता, त्यामुळे तुमचं बी.कॉम. वाया गेलं असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. पण 941 सांगलीत कुणी शिकवलं नसतं, आणि शिकवायचं कारणही नव्हतं. माझं बी.कॉम. इथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीचं, या मूल्यांकनाचे कागद मी फाइलमध्ये घेऊन गेले होते. ते कुणी मागितलेच नाहीत.

मास्टर्सबद्दल विचारलंय. खिशात पैसे असतील आणि मोठ्या फर्ममध्ये ऑडिटला जायचं असेल तर जरूर करा. पण इथल्या कामाचा गंध नसताना केवळ नाव मोठं म्हणून कर्ज काढून मास्टर्स करणं मला पटत नाही. सीए ही अतिशय अवघड परीक्षा आहे, दिरांबद्दल मला आदर आहे. पण ओहायोतल्या प्लंबरच्या चार कामगारांचा पगार काढायला सीएत शिकलेलं पुरत नाही. त्यांच्याच फर्मकडे अमेरिकेतल्या क्लायंटचं पेरोल आलं तेव्हा फोन मला आला. मी सगळं नीट समजावून दिलं. माझ्या डिग्रीला तेही ‘डिप्लोमा’च म्हणतात, तो शब्द मात्र त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. भावजी, हे वाचत असाल तर ऐका: ही डिग्रीच आहे, साधारण 60 क्रेडिट्सची, आणि मी ती मान ताठ ठेवून सांगते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्या नवऱ्यामुळे मिळणाऱ्या व्हिसावर असाल तर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. त्यासाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना लागतो, आणि तो साधारणपणे नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मिळतो. एच-4 वर सरकारी फेडरल मदतही नाही, ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. सीपीए व्हायचं असेल तर असोसिएट पुरणार नाही. बरीच वर्षं जवळजवळ सगळीकडे 150 क्रेडिट्सची अट होती. ओहायोनं 2025 मध्ये बॅचलर्स आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा रस्ताही कायद्यानं खुला केला, तुमच्या राज्याचं बघा. करांचंच काम आवडत असेल तर एन्रोल्ड एजंटच्या (सरकारमान्य कर सल्लागार) तीन पेपरांना डिग्रीची अटच नाही.

आणि पुढे बॅचलर्सचा विचार असेल तर डिग्रीचं नाव नीट वाचा. ‘अप्लाइड सायन्स’वाली डिग्री थेट नोकरीसाठी असते, तिचे बरेच क्रेडिट्स विद्यापीठात धरले जात नाहीत. ट्रान्सफरवाली, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, वेगळी. कोणते विषय कुठे धरले जातात हे प्रवेशाच्या खिडकीवर विचारू नका, ज्या विद्यापीठात पुढे जायचंय तिथून लेखी घ्या.