दोघंही नोकरीला आहोत, रोज साईटवर जाता येत नाही. घर बांधताना कोणत्या दिवशी हजर राहायलाच हवं?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईत ऐरोलीतलं बैठं रो-हाऊस पाडून तळमजला अधिक दोन मजले बांधायचेत, काम मटेरियलसकट कंत्राटदाराला दिलंय आणि मार्चमध्ये पाडायला घेणार आहात. आम्ही नेरुळला हेच केलं, अशाच रो-हाऊसच्या जागी, दोघांच्या नोकऱ्या सांभाळून. मी इंजिनिअर नाही. आमच्या आरसीसी कन्सल्टंटना, म्हणजे सळया-काँक्रीटचा सांगाडा डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरना, वर्षभर प्रश्न विचारून विचारून जे शिकले ते सांगते.

रोज जायची खरंच गरज नाही. भिंत वाकडी आली, खिडकी दोन इंच खाली बसली, हे केव्हाही दिसतं आणि सुधारताही येतं. रजा राखून ठेवा त्या दिवसांसाठी, ज्या दिवशी काहीतरी कायमचं झाकलं जाणार असतं. फुटिंगमध्ये (कॉलमखालच्या पायात) काँक्रीट पडणार, कॉलमची शटरिंग (काँक्रीट भरायचा फळ्यांचा साचा) बंद होणार, स्लॅब भरणार, पाइप प्लास्टरखाली जाणार, बाथरूमची लादी बसणार. आमच्या घराला असे पंधरा-सोळा दिवस निघाले. कंत्राटदाराला करारातच लिहून द्या की या कामांच्या आधी दोन दिवस कळवायचं आणि तुमचा कन्सल्टंट सळया तपासून सही करेपर्यंत काँक्रीट सुरू करायचं नाही.

पहिली रजा पाडापाडीच्याही आधीची, आणि ती शेजाऱ्यांसाठी. बेलापूरला सेक्टर 8 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात जी वसाहत आखली, तिथे दोन घरांत सामायिक भिंत ठेवलीच नव्हती, म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवता यावं. आपल्या रो-हाऊसला ती सोय नाही. मधल्या भिंतीवर शेजाऱ्याच्या स्लॅबचा भार असू शकतो. म्हणून भिंतीला हात लावण्याआधी कन्सल्टंटला दोन्ही घरांतून ती दाखवा. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्या घरातल्या आधीच्या भेगांचे तारखेसह फोटो काढा आणि एक संच त्यांनाही द्या. आमच्या शेजारच्या काकू आधी धास्तावल्या होत्या. फोटो काढताना त्यांनीच तीन जुन्या भेगा दाखवल्या आणि पुढे वर्षभर एकदाही वाद झाला नाही.

खोदाईत तर शेजाऱ्याचा पाया आणखी जवळ येतो. त्याच्या फुटिंगला लागून सलग लांब चर खोदला की त्याच्याखालची माती सुटू शकते. एक खड्डा घ्यायचा, त्यात काँक्रीट भरायचं, मग पुढचा उघडायचा. शिवाय तुमच्या कडेच्या कॉलमचं फुटिंग शेजाऱ्याच्या हद्दीत पसरू शकत नाही. त्यामुळे ते आतल्या कॉलमच्या फुटिंगशी स्ट्रॅप बीमने, म्हणजे दोन फुटिंगना जोडणाऱ्या तुळईने, बांधावं लागतं, नाहीतर दुसरा काही उपाय करावा लागतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये काय केलंय ते विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर काम सुरू करू नका.

मातीची तपासणी बोअर मारूनच करा. आपल्या पट्ट्यात एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि बरेच सेक्टर भरावावर वसलेले. दोन गल्ल्या सोडल्या की मुरमाच्या जागी खाडीचा मऊ काळा चिखल लागू शकतो. समोरच्या घराला सहा फुटांवर चांगली जमीन लागली, आपलंही तसंच करू, असं कंत्राटदार म्हणाला तर ते ऐकू नका.

आता कॉलम. आमचा घोटाळा इथेच झाला. तळमजल्याचे कॉलम भरले त्या दिवशी आम्ही दोघंही ऑफिसात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर शटरिंग निघालेलं आणि मागच्या एका कॉलमच्या बुडाशी हातभर भाग बाकीच्यापेक्षा गडद, गुळगुळीत. खिशातल्या किल्लीने ठोकून पाहिलं तर वर टणटण आणि तिथे बदबद आवाज. कन्सल्टंटनी येऊन तो पापुद्रा फोडायला लावला. आत चिक्कीसारखी नुसती खडी दिसत होती, मध्ये पोकळ्या, आणि एका फटीतून सळई उघडी. वरून सिमेंटचा गिलावा थापून ते झाकलं होतं. कारण साधं होतं: काँक्रीट दहा फुटांवरून थेट सोडलं, खडी खाली गेली, मसाला वर राहिला आणि व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) नीडल तळापर्यंत पोचलीच नाही. टेकू देऊन तेवढा भाग फोडून न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मसाल्याने) पुन्हा भरावा लागला. प्लास्टर झाल्यावर गेलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

म्हणून कॉलम भरताना उभं राहा. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून पडता कामा नये. चालू व्हायब्रेटर आणि त्याच्या जोडीला दुसरा, असे दोन साईटवर आहेत ना ते आधी बघा. शटरिंग बंद होण्याआधी सळई आणि शटरिंगची फळी यांच्यामधलं अंतर, म्हणजे कव्हर, टेपने मोजा: कॉलमला किमान 40 मिलिमीटर, फुटिंगला 50. खाडीच्या खाऱ्या हवेत सळई गंजण्यापासून हेच कव्हर वाचवतं. त्यासाठी काँक्रीटचे कव्हर ब्लॉक बांधलेले हवेत, खडीचे तुकडे सारलेले चालणार नाहीत. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशात आत वळलेली हवीत. काटकोनात सोडलेली रिंग भूकंपाच्या हादऱ्यात उघडते, आणि 1967चा कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता हे विसरू नका.

पाण्यावर मी सगळ्यात जास्त भांडले. गल्ली अरुंद, मिक्सरचा ट्रक आत येईना, त्यामुळे काँक्रीट साईटवरच बनत होतं. कन्सल्टंटनी पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 दिलं होतं. म्हणजे 50 किलोच्या एका पोत्याला साडेबावीस लिटर, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. पण मजुराच्या दृष्टीने पातळ काँक्रीट पटकन पसरतं, मेहनत वाचते. तो बादली ओततच राहतो. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं, त्यातून पुढे पावसाचं पाणी आणि खारी हवा सळईपर्यंत जाते. मी आदल्या रात्री घरीच मापाने पाणी ओतून बादलीला आतून लाल ऑइलपेंटची रेघ मारली आणि मिक्सरवरच्या मुलाला सांगितलं, यापुढे गेलास तर काम थांबवीन. त्याने दिवसभर रेघ पाळली. काँक्रीट फारच घट्ट वाटलं तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) घालतात, पाणी वाढवत नाहीत.

पाणी कुठलं तेही विचारा. खाडीजवळच्या बोअरवेलला किंवा टँकरला खारटपणा असू शकतो. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. लॅबमध्ये एकदा तपासून घ्या.

स्लॅबच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मधल्या जाळीकडे असतं. तुम्ही गॅलरी आणि छज्ज्याकडे बघा. बाहेर लोंबणाऱ्या भागाच्या मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, कारण ताण तिथे येतो. काँक्रीट टाकताना मजूर त्यावरूनच ये-जा करतात आणि त्या पायाखाली दबून तळाला जातात. ड्रॉइंगमध्ये वर आणि प्रत्यक्षात खाली, असं झालं की छज्जा कोसळण्याची वेळ येऊ शकते. खाली सळईच्या खुर्च्या, म्हणजे वरच्या सळया उचलून धरणारे वाकवलेले तुकडे, पुरेशा आहेत का बघा, चालायला फळ्या टाकायला लावा आणि काँक्रीट त्या भागात पोचेपर्यंत तिथून हलू नका. आमच्या पुढच्या गॅलरीच्या सळया दुपारच्या जेवणानंतर दोनदा उचलून घ्याव्या लागल्या.

मग क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. आजकाल बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतात, त्याला किमान 10 दिवस सतत ओल हवी, आम्ही 14 दिवस दिली. स्लॅबवर बांध घालून पाणी तुंबवलं, कॉलमला गोणपाट गुंडाळलं. यासाठी रजा नको, कॉलनीतल्या एका निवृत्त काकांना सकाळ-संध्याकाळ नळी धरायचं काम मानधन देऊन सांगितलं होतं. कंत्राटदाराच्या भरवशावर हे सोडू नका. बीमखालचे टेकू काढायची घाईही करू देऊ नका, 6 मीटरपर्यंतच्या बीमला किमान 14 दिवस.

बाकीचं थोडक्यात. सळई वजनावर येते, तेव्हा एक नग तोलून घ्या: 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10.66 किलो भरायला हवी. दर चौरस फुटावर ठरवला असेल तर गॅलरी, छज्जा, जिना, टाकी कशी मोजणार हे करारात लिहा. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर लादीआधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालून बघा. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढा, आम्हाला गीझर बसवताना त्याच फोटोंनी पाइप वाचवला. आणि परवानगीपेक्षा एक इंचही वर चढू नका. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, परवानगी महापालिकेची, त्यामुळे जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा प्रत्येक कागद फाईलला हवा.

राहिला मार्च. परवानगी आणि मातीचा अहवाल आज हातात असतील तरच घ्या, कारण पाडणं, राडारोडा उचलणं, खोदाई आणि जोत्यापर्यंतचं काम मे अखेरपर्यंत संपायला हवं. जूनच्या पावसात आपल्याकडे उघडा खड्डा म्हणजे शेजाऱ्याच्या पायाशेजारी साचलेलं तळं. कागद अजून यायचे असतील तर दसऱ्यानंतर सुरू करा. भाड्याच्या घराचे सहा-सात महिने वाचतात, आणि शेजाऱ्यांशी बोलायला, ड्रॉइंग समजून घ्यायला तेवढा वेळ मिळतो.