आप्पांची पाण्यातली गोळी

प्रश्न : सासरे पारोळ्याजवळ खेड्यात राहतात, वय 74. गुडघे धरले की वाटीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकतात, बोटानं ढवळतात अन् पिऊन टाकतात. पाकिटावर निमेसुलाइड, पॅरासिटामॉल लिहिलंय. जळगावचा मेडिकलवाला म्हणे ही बंद झाली, गावातला अजून देतो. आप्पांना सांगितलं तर म्हणतात, "तीस वरीस व्हयनात, हाईच गोयी खास मी" (तीस वर्षं झाली, हीच गोळी खातो मी). एवढी जुनी गोळी बेकायदा कशी? — एक सून, अमळनेर

उत्तर : ताई, जळगाववाला बरोबर सांगतोय. औषध बनवायचं लायसन्स राज्य सरकार देतं पण नवीन औषधाला मंजुरी दिल्लीची लागते, आणि दोन औषधं मिसळून केलेली नवी गोळीसुद्धा नवीन औषधच धरायची हा नियम आला 21 सप्टेंबर 1988 ला. तरीही कितीतरी मिश्रणं दिल्लीला न विचारता राज्याच्या लायसन्सवरच बाजारात आली. मार्च 2016 मध्ये केंद्रानं एकदम 344 मिश्रणं बंद केली, कंपन्या कोर्टात गेल्या, मग परत तपासणी होऊन सप्टेंबर 2018 ला 328 वर बंदी आली. पण 15 मिश्रणं सुटली, कारण कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही 1988 च्या आधीपासून विकतोय. म्हणजे आप्पांचाच मुद्दा, फक्त वकिलाच्या तोंडून! सुप्रीम कोर्टानं ती 15 बंदीतून बाजूला ठेवली खरी, पण सरकारला नव्यानं चौकशीची मोकळीक दिली, आणि 2 जून 2023 ला त्यातली 14 पण गेली.

त्यात निमेसुलाइड-पॅरासिटामॉलची पाण्यात विरघळणारी गोळी आहे. म्हणून तुम्ही वाटीचं लिहिलंत ते फार कामाचं, कारण त्या यादीत गोळीचा तो प्रकारच लिहिलाय. मिश्रणाला वैद्यकीय आधार नाही आणि धोका होऊ शकतो, हे बंदीचं कारण. नुसत्या पॅरासिटामॉलवर बंदी नाही.

गावातल्या दुकानदाराकडे बॅच नंबरसकट बिल मागा, बहुतेक तो गोळीच परत आत ठेवेल. नाहीच ऐकलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पाकिटासकट तक्रार करा. आप्पांना मात्र डॉक्टरकडे न्याच, निमेसुलाइडनं लिव्हरला त्रास होऊ शकतो आणि ते किती वर्षं, आठवड्याला किती गोळ्या घेतात हे डॉक्टरला खरं सांगा. आप्पा कमी करून सांगतील.